उत्तरं ढीगभर, उलट प्रश्न एकही नाही

तुमचा प्रश्न नीट वाचला. वडिलांची 1998 ची मारुती 800 तुमच्याकडे आली आहे, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा तो जुन्या पद्धतीचा भाग). सकाळी मस्त चालते. पण अर्धा-पाऊण तास चालवून सिग्नलला थांबलात की बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. तुम्ही गाडीवाल्यांच्या तीन-चार ग्रुपवर विचारलंत. कुणी कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी करंट देते ती) बदला म्हणालं, कुणी पेट्रोल पंप बदलायला सांगितलं, कुणी सगळा दोष इ-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर टाकला. एकानं तर ‘पंधरा वर्षं झाली की गाडी जप्तच होते, भंगारात घाला’ असं सांगून टाकलं. बाकीच्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. कॉइल बदलून झाली, पंप बदलून झाला, दुखणं जागच्या जागी. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की गाडीची हौस असलेले लोक पूर्वी एकमेकांना शिकवायचे असं ऐकलं होतं, मग आता असं का झालं, आणि विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

मी पुण्यात तीसेक वर्षं गॅरेज चालवतोय आणि जुन्या मारुतीवाल्यांचा एक ग्रुपही सांभाळतो. त्यामुळं गाडीचं दुखणं आणि ग्रुपचं दुखणं, दोन्ही रोज समोर येतात. जाणकार संपलेत असं मला वाटत नाही, आणि लोक वाईट झालेत असंही नाही. उत्तर देण्याआधी समोरच्याला उलट प्रश्न विचारायची सवय मात्र गेली, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे. इतक्या लोकांनी तुम्हाला पार्ट सुचवले, पण गाडी बंद पडते म्हणजे नेमकी कशी, हे एकानंही विचारलं नाही. किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात मरते, की आचके देत, दम तोडत बंद होते? एकदम मरत असेल तर संशय करंटवर जातो. आचके देत असेल तर पेट्रोलवर. निम्मी वाट इथंच कळते, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

आता थोडं गाडीबद्दल, कारण ग्रुपमधलं काय बिघडलंय हे त्यातूनच नीट दिसेल. तुमच्या 800 चं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. गरम झाल्यावर ते बंद पडतं तेव्हा लगेच, तिथंच, रस्त्याच्या कडेला घेऊन तपासायचं. गॅरेजपर्यंत टो करून आणलीत की गाडी थंड होते, सुरू होते, आणि मिस्त्री म्हणतो ‘काही नाही हो, ठीक आहे.’ पहिलं काम, पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा सूं आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर टाकीला हवा मिळत नव्हती. मग झाकणाचा किंवा व्हेंटचा, म्हणजे टाकीत हवा जायच्या वाटेचा, बंदोबस्त करायचा, कार्बोरेटरला हातही लावायचा नाही.

आवाज आला नाही, तर करंट बघायचा. एअर फिल्टरचं झाकण बंदच ठेवा. एक जादा स्पार्क प्लग सोबत ठेवत चला. एका प्लगची वायर काढून ती या प्लगला लावा, रबरी मुठीच्या पकडीनं धरून प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळसर, कडक ठिणगी पडली तर करंट आहे. ठिणगीच नाही, किंवा पिवळी आणि मरगळलेली दिसते, तर कॉइल, डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आतलं पॉइंट किंवा इलेक्ट्रॉनिक युनिट, आणि त्यांच्या वायरी, या क्रमानं बघत जायचं. कॉइल नवी टाकली म्हणून ती बाद धरू नका. स्वस्तातली नवी कॉइलही तापली की दगा देते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

करंट ठीक असेल तर प्लगची वायर जागेवर लावा, इग्निशन बंद करा, आणि मगच एअर फिल्टर उघडा. जवळपास विडी-सिगरेट नको. कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं हलते ती झडप) हातानं एकदा झटक्यात हलवा. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली पाहिजे. उडाली म्हणजे कार्बोरेटरच्या आतल्या वाटीत पेट्रोल आहे. उडाली नाही म्हणजे वाटी कोरडी आहे, पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाही. या गाडीचा पंप यांत्रिक, थेट इंजिनावर बसवलेला. इंजिनाबरोबर तोही तापतो. टाकीकडून येणारा रबरी पाइप कुठं तडकला असेल तर तिथून पेट्रोल गळेलच असं नाही, पण पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं गुंडाळून पाच मिनिटं थांबा. गाडी सुरू झाली तर पेट्रोल लाइनमध्येच उकळून वाफ होत होतं, असं समजायला हरकत नाही. उलट, बोनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा आला तर इंजिन पेट्रोल पिऊन बसलंय. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंपासारखा मारायचा नाही, एकदाच पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा.

एवढं करायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि तुमच्या हातात असं काहीतरी येतं जे पुढच्या माणसाला सांगता येईल. तुमच्या गाडीत यांतलं कुठलं निघेल, ते इथं बसून मी सांगू शकत नाही. गाडी कुठं उभी असते, पाइप कधी बदललेत, मधल्या काळात कुणी काय जोडाजोडी केली आहे, यावर ते ठरतं. पण कॉइल आणि पंपावर पैसे घालवण्याआधी ही तपासणी तुम्हाला कुणीतरी सांगायला हवी होती, एवढं नक्की.

आता ती का सांगितली गेली नाही, ते. टीम-बीएचपी ही गाड्यांवर चर्चा करायची वेबसाइट 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा आपल्याकडच्या हौशी लोकांना पहिल्यांदाच एक मोठी, टिकाऊ बैठक मिळाली. एका गाडीचा एक धागा, म्हणजे चर्चेचं एक पान, आणि त्यात मालक वर्षानुवर्षं लिहीत राहणार: घेतली तेव्हाची, पहिली सर्व्हिस, क्लच गेला तेव्हाची, विकली तेव्हाची. नियम कडक होते. अर्धवट प्रश्न टाकला की आधी किलोमीटर, वर्ष, लक्षणं विचारली जायची. प्रश्न विचारणारा शेवटी परत येऊन ‘अमुक निघालं, तमुक बदललं, आता ठीक आहे’ असं लिहायचा. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची ओळ तीच. कारण तीन वर्षांनी तेच दुखणं घेऊन येणाऱ्या माणसाला आधीची पंधरा उत्तरं नको असतात, शेवटी काय निघालं तेवढंच हवं असतं.

त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. तिथला बराचसा व्यवहार इंग्रजीत. मोठ्या शहरातला, कंप्युटरवर बसणारा माणूस सहज लिहायचा. बार्शीचा किंवा इस्लामपूरचा मिस्त्री, ज्याच्या हाताखालून हजारो कार्बोरेटर गेलेत, तो तिथं फिरकायचाही नाही. बायका तर अगदी क्वचित. नवख्यानं काही विचारलं की ‘आधी शोधा, मग विचारा’ असं तोंडावर मारायचीही पद्धत होती.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हे सगळे लोक एकदम आत आले. हे फार चांगलं झालं, मी मनापासून म्हणतो. आमच्या ग्रुपवर आज सांगलीकडचा इलेक्ट्रिशियन मराठीत व्हॉइस नोट टाकतो. मागं इंजिन चालू असतं आणि तो सांगत असतो, ‘हा आवाज ऐका, हा टॅपेटचा.’ लिखित लेखात ते कधी येणार नाही. पण जागा मात्र बदलली. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा 2016 मध्ये 256 झाली, 2022 अखेर 1024 वर गेली. इतके लोक एकाच खोलीत बोलत असतात आणि सकाळचं बोलणं दुपारी वर सरकून जातं. ती व्हॉइस नोट पुढच्या महिन्यात कुणालाही सापडत नाही. मग तोच प्रश्न पुन्हा येतो. आमच्याकडे एक निवृत्त फिटर होते, कार्बोरेटरची सुई हातात घेऊन बघितली की झीज सांगायचे. सुरुवातीला ते प्रत्येकाला दहा प्रश्न विचारत. तेच प्रश्न दर आठवड्याला नव्या माणसाला विचारून ते थकले. आधी उत्तरं आखूड झाली, मग बंदच. जाणकार असे गप्प होतात. जे उरतात त्यांत पटकन पार्टचं नाव फेकणारे जास्त.

त्यात जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं आणि पाठोपाठ इन्स्टाग्रामवर रील्स आले. अर्ध्या मिनिटात कॉइल बदललेली दाखवता येते. पंधरा मिनिटं शांतपणे तपासून ‘कॉइल बदलायची गरज नाही’ असं ठरलेलं मात्र कोण बघणार? त्यामुळं बदललेल्या पार्टचे व्हिडिओ पसरतात, तपासणी मागं राहते. तुम्ही बदललेली कॉइल आणि पंप हे त्याचंच बिल आहे.

पण सगळं खापर फोनवर फोडणंही बरोबर नाही. गाड्याच बदलल्या. तुमच्या 800 चं बोनेट उघडलं की डेल्को, प्लगच्या वायरी, कार्बोरेटरवरचा एअर फिल्टर, सगळं डोळ्यांसमोर. मालकाला हात घालता येतो, म्हणून तो विचारतो आणि शिकतो. 2013 पासून नव्या गाड्यांना ओबीडी-2 (बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले. आता स्कॅनर लावल्याशिवाय पुढं जाता येत नाही आणि बोनेटखाली इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण. मालकाच्या हाताला कामच उरलं नाही, तेव्हा बोलण्याचा विषय डिलिव्हरीचे फोटो, सनरूफ आणि सर्व्हिस सेंटरच्या तक्रारी होणारच. दुरुस्तीवर बोलणारी जी मंडळी उरली आहेत ती बहुतेक तुमच्यासारख्या जुन्या गाड्यांभोवतीच आहेत. म्हणून तुम्ही ही गाडी ठेवताय याचा मला आनंद आहे.

नव्या बोलण्यात एक गोष्ट मात्र निखालस चांगली झाली. पूर्वी गाडी घेताना पहिला प्रश्न एकच, ‘किती देते?’ 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं भारतातल्या लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून बघितल्या आणि त्या शून्य ताऱ्यांवर आल्या. 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला पहिल्यांदा पाच तारे मिळाले. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. हा विषय हौशी लोकांनी घरोघरी पोचवला. माझ्याकडे येणाऱ्या काकू आता एअरबॅग किती हे विचारतात. पण तेच तारे आता पक्षाच्या झेंड्यासारखे फडकवले जातात. एका कंपनीच्या गाडीचा मालक दुसरीच्या गाडीवाल्याला ‘पत्र्याचा डबा’ म्हणतो, आणि त्या हाणामारीत तुमच्यासारख्याचा साधा प्रश्न वाहून जातो. तुम्हाला आलेले हसरे इमोजी त्यातलेच. ते मनाला लावून घेऊ नका.

आता तुम्हाला मिळालेल्या दोन सल्ल्यांचं निवारण करायलाच हवं, कारण ते अर्धे खरे आहेत आणि अर्धं खरं जास्त फसवतं.

जप्तीचं. दिल्ली आणि आसपासच्या भागात 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं 2014-15 मध्ये बंदी आणली, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली, आणि त्यावर तिथं अजूनही झगडा चालू आहे. ते दिल्लीचं. महाराष्ट्रात खासगी गाडीला 15 वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली, त्यामुळंही लोकांचा गोंधळ झालाय. पण ती टॅक्सीची 20 वर्षांची वयोमर्यादा होती. तुमची गाडी 1998 ची, म्हणजे 2013, 2018, 2023 असं नूतनीकरण झालेलं असायला हवं. वडिलांच्या कागदांत आरसीवरची तारीख आजच बघा. गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल तर तेही आधी मार्गी लावा. कुणी ‘विंटेजमध्ये टाका’ म्हणेल, तर त्याला 50 वर्षांचं वय लागतं. पहिली 800 सुद्धा 1983 च्या डिसेंबरातली, तिला ते 2033 मध्ये लाभेल.

इ-20 चं. इथं सल्ला देणाऱ्याचं पूर्ण चूक नाही. इथेनॉलमध्ये दर लिटरला पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. जुन्या घडणीच्या चारचाकींत इ-20 मुळं इंधन कार्यक्षमता 6 ते 7 टक्के घटते, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच नोंदलेलं आहे. शिवाय ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला फुगवतं, कडक करतं. तुमच्या कार्बोरेटरला मिश्रण आपोआप जुळवून घेता येत नाही, ते आतल्या जेटच्या, म्हणजे बारीक भोकाच्या, मापानं ठरलेलं. पण विचार करा. सगळा दोष पेट्रोलचा असता तर गाडी बहुधा सकाळीही कुरकुरली असती. तुमची सकाळी मस्त चालते. म्हणजे इ-20 नं फार तर दुखणं वाढवलं असेल, विशेषतः पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) जुनाट झाला असेल तर. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे घालून घ्या. तो खर्च तसाही वाया जाणार नाही. आणि गाडी महिनोन्महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नका.

मग विश्वास कुणावर? माझी कसोटी सरळ आहे. जो तुम्हाला आधी काहीतरी विचारतो, त्याचं ऐका. पुण्यात नाना पेठेत पार्टच्या कुठल्याही जुन्या दुकानाच्या काउंटरवर जाऊन ‘800 चा पंप द्या’ म्हणून बघा. दुकानदार पंप काढायच्या आधी विचारेल, वर्ष कुठलं? कार्बोरेटरची की फ्युएल इंजेक्शनची (एमपीएफआय)? जुना सोबत आणलाय का? मग तुमचा जुना पंप हातात घेऊन नळीचं तोंड आणि बोल्टची भोकं नव्याशी ताडून बघेल. त्याला माहीत असतं की चुकीचा पार्ट दिला तर संध्याकाळी तुम्ही परत येणार. ग्रुपवर चुकीचा सल्ला देणाऱ्याकडे कुणी परत जात नाही. चांगला ग्रुप तोच, जिथं लोकांना परत जाता येतं: एकाच मॉडेलचा, शक्यतो एकाच शहरातला, शंभर-दीडशे माणसांचा, आणि अधूनमधून रविवारी सकाळी गाड्या घेऊन प्रत्यक्ष भेटणारा. तुमच्या गावात असा नसेल तर एक चांगला मिस्त्री आणि एक चांगला पार्टवाला हे दोघं हजार जणांच्या ग्रुपपेक्षा उपयोगी पडतात.

ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची गळती या तीन गोष्टींसाठी मात्र कुठल्याही ग्रुपवर वाट बघत बसू नका. गाडी उभी करा आणि मिस्त्रीला बोलवा.

विचारताना एकाच निरोपात सगळं लिहा: वर्ष, किलोमीटर, लक्षण केव्हा दिसतं आणि केव्हा दिसत नाही, काय तपासलं, काय बदललं. ‘गाडी बंद पडते, काय करू?’ असं लिहिलंत तर उत्तरंही तेवढीच उथळ येतात. दुरुस्ती झाल्यावर काय निघालं ते त्याच ग्रुपवर टाका, आणि जमलं तर ग्रुप सांभाळणाऱ्याला ते कुठंतरी वेगळं जपून ठेवायला सांगा. आम्ही अशा नोंदींची एक साधी फाइल ठेवतो, वर्ष आणि दुखण्यानुसार. 2017 मध्ये फोटोबकेट या फोटो साठवायच्या वेबसाइटनं दुसऱ्या साइटवर चिकटवलेले फोटो दाखवायला पैसे लावले, तेव्हा जगभरच्या गाडीवाल्यांनी लिहिलेल्या हजारो दुरुस्ती-मार्गदर्शिका एका रात्रीत चित्रांविना उरल्या. त्यामुळं फोटो आणि मजकूर दोन्ही स्वतःकडे उतरवून ठेवायचे, हा आमचा नियम.

पुढचं सांगण्याआधी मला तुमच्याकडून थोडं हवंय. गाडी एकदम मरते की आचके देत? टाकीचं झाकण उघडल्यावर आवाज आला का? गरम बंद पडलेली असताना ठिणगी कशी दिसली, आणि कार्बोरेटरमध्ये चिळकांडी उडाली का? पंप नवा टाकला तेव्हा पाइपही बदलले की जुनेच लावले? आणि बदललेली जुनी कॉइल फेकून दिलीत की घरात आहे? असेल तर ठेवा. ठिणगीत खोट निघाली तर तीच परत लावून आधी बघू.